बूट आधी, कार्बन मागाहून : बेळगाव भागातल्या नव्या रोड सायकलस्वारांसाठी

रोड सायकल घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न फ्रेमचा असतो. अ‍ॅल्युमिनियम की कार्बन? दुसरा गियरचा : शिमानोचा टियाग्रा संच पुरे की त्याच्या वरचा १०५ घेऊ? बूट, शॉर्ट आणि टायर यांची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. मग लाख-दीड लाखाच्या सायकलवर माणूस पळायचे मऊ बूट घालून जांबोटीच्या रस्त्याला लागतो. परत येतो तेव्हा तळपाय बधिर, मांड्या घासून लाल, आणि तक्रार मात्र सायकलीची.

म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. अंग सायकलला तीनच ठिकाणी टेकतं : पाय, बैठक आणि तळहात. पैसे आधी तिथं घालायचे, आणि त्यातही पहिला मान पायाचा. कार्बन फ्रेम, खोल रिमची चाकं, पायांचा जोर मोजणारं पॉवर मीटर हे सगळं मागाहून घेता येतं.

पायरी १ : रस्ता कुठला, ते आधी ठरवा

दुकानदार "बजेट किती?" विचारतो. तुम्ही त्याच्या आधी स्वतःला विचारा, की आठवड्यातून तीनदा नेमकं कुठं जाणार आहात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्यानं पहाटेची हवा वर्षातले बरेच महिने सायकलीला चांगली असते. रस्ते मात्र दिशेगणिक बदलतात.

उत्तरेला काकती-संकेश्वर-निपाणीकडं राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि त्याचे सर्व्हिस रोड. पश्चिमेला हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळी, म्हणजे लगेच महाराष्ट्र, आणि पुढं आंबोली. नैर्ऋत्येला पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. दक्षिणेला खानापूर-लोंढा. अर्ध्या सकाळीत चढाची हौस फिटवायची तर येळ्ळूरचा राजहंसगड आहेच.

प्रत्येक दिशेचं दुखणं वेगळं. महामार्गावर ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात आणि त्यातली केसासारखी बारीक पोलादी तार तुमच्या टायरमध्ये घुसते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते, आणि काढायला चिमटाच लागतो. पिशवीत भुवयांचा चिमटा ठेवा, हसू नका. चिकोडी, रायबाग, अथणीकडं गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांतून पडलेला ऊस. पहाटेच्या अंधारात पुढचं चाक कांडावर चढलं तर सावरायला वेळ मिळत नाही. खानापूर आणि चंदगडच्या बाजूला सुगीत शेतकरी मळणीसाठी पीक रस्त्यावरच पसरतात. त्यातली पिंजर मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागात, गुंडाळली की गियर जागच्या जागी अडतो. तिथं उतरून चालत जायचं. रस्ता त्यांचाही आहे. आणि जून ते सप्टेंबर तांबडा चिखल, त्याची गोष्ट पुढं येईलच.

हे सगळं आधी सांगायचं कारण, बुटाचा प्रकार आणि टायरची रुंदी या रस्त्यांवरून ठरते. कॅटलॉगवरून ठरवलेले बूट पहिल्या पावसातच जड जातात.

पायरी २ : पाय मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच पैसे वाया जातात.

आपल्याकडचा पाय पुढं रुंद असतो. कोल्हापुरी चप्पल नावाला कोल्हापूरची, पण तिच्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही जिल्हे आहेत. अथणी-निपाणीकडं ती पिढ्यान्‌पिढ्या बनत आलीय. लहानपण उघड्या चपलेत किंवा अनवाणी गेलं की बोटं मोकळी पसरतात. असा पाय अरुंद साच्याच्या इटालियन बुटात कोंबला की तासाभरात करंगळीच्या मुळाशी आग सुरू होते. बूट महागडा असला म्हणून आग कमी होत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सायकल चालवताना जे मोजे घालणार तेच घाला. फरशीवर 'तरुण भारत'चा जुना अंक पसरा, टाच भिंतीला टेकवा आणि सगळं वजन त्या पायावर घेऊन उभे राहा. बसून काढलेलं माप कमी भरतं. पेन्सिल सरळ उभी धरून घरच्या कुणाकडून तरी कडा काढून घ्या. स्वतः वाकून काढायला गेलात की वजन सरकतं. "काय करूलास रे हे?" असं आई विचारेलच, विचारू द्या. भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सगळ्यात जास्त रुंदी, दोन्ही पायांची, मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. दोन पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप खरं धरायचं.

आता नेहमीच्या बुटाचा नंबर विसरा. सायकलचे बूट युरोपियन नंबरात येतात आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. शिमानोच्या तक्त्यात ४२ नंबर म्हणजे २६.५ सेंटिमीटरचा पाय, ४३ म्हणजे २७.२. दुसऱ्या कंपनीत हाच पाय अर्धा नंबर वर किंवा खाली जाईल. रुंदीबाबत ढोबळ अंदाज असा : सिडी आणि फिझिक अरुंदाकडं झुकतात, शिमानो आपल्या बऱ्याच मॉडेलांत रुंद आवृत्ती काढते, लेक ही कंपनी रुंद पायवाल्यांतच नावाजलेली आहे, आणि बाँटचे बूट ओव्हनमध्ये गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. लांबी वाढवून रुंदीची सोय करायला जाऊ नका. एक नंबर मोठा घेतला की टाच आत हलते आणि क्लीट, म्हणजे बूट पेडलात अडकवणारा तळव्याखालचा तुकडा, चवड्याखाली नीट येत नाही.

घालून बघताना बोटांपुढं थोडीच, काही मिलिमीटरची जागा हवी. टाच घट्ट, मधला भाग धरलेला, बोटं हलवता येतील इतकी मोकळी. चालताना टाच जराशी उचलली गेली तरी चालतं. हा बूट चालायसाठी बनलेलाच नाही. घालून वीसेक मिनिटं नुसते बसा. दुकानात पहिल्या दोन मिनिटांत सगळेच बूट छान वाटतात. ऑनलाइन मागवत असाल तर घरात चटईवरच घालून बघा, क्लीट लावू नका, तळव्यावर ओरखडा पडू देऊ नका. नाहीतर परत घेणारा नाक मुरडतो.

पायरी ३ : तीन भोकं की दोन

बुटाच्या तळव्याला क्लीट लावायची भोकं असतात, आणि तिथं दोन पंथ आहेत.

तीन भोकांचा बूट अस्सल रोडचा. त्याला शिमानोचं एसपीडी-एसएल किंवा लूकचं केओ क्लीट लागतं. क्लीट प्लास्टिकचं, मोठं, तळव्याबाहेर आलेलं. दाब रुंद पसरतो आणि पाय पेडलवर भक्कम बसतो. ही पद्धत आली ती बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या यंत्रणेतून. लूक ही फ्रेंच कंपनी मुळात तीच यंत्रणा बनवायची. १९८५ साली फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो यानं लूकची पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि पाय पेडलला बांधायच्या चामड्याच्या पट्ट्यांचे दिवस भरले.

दोन भोकांचा बूट मूळचा डोंगरी सायकलचा. त्याचं एसपीडी क्लीट छोटं, पोलादी, रबरी तळव्यात खोल दडलेलं. हे बूट घालून माणूस माणसासारखा चालतो.

महागड्या सायकलींच्या गोतावळ्यात दोन भोकांच्या बुटांकडं जरा खालच्या नजरेनं बघतात. माझा कौल मात्र असा : तुमच्या फेऱ्या खानापूर-जांबोटीकडच्या असतील, पावसातही जाणार असाल, आणि वाटेत चहाला चार पावलं चालायचं असेल, तर पहिला जोड दोन भोकांचाच घ्या. तांबडा चिखल रोडच्या क्लीटमध्ये भरला की पेडलात अडकतच नाही. रस्त्याकडेला उभं राहून काडीनं खरवडत बसावं लागतं. पावसाळ्यात रोडच्या क्लीटनं ओल्या फरशीवर चालणं म्हणजे पाय घसरायला आमंत्रण. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करणारी पुष्कळ जुनी मंडळी याच बुटांत दिसतात. महामार्ग, शर्यत, ग्रुपमधली वेगाची राइड हाच तुमचा नाद असेल तर मग तीन भोकं, आणि खिशात रबरी क्लीट कव्हर.

खरेदीत होणारा एक घोटाळा टाळा. तीन भोकांच्या बुटाला शिमानो आणि लूक दोन्हींची क्लीट बसतात, पण लूकचं क्लीट शिमानोच्या पेडलात अडकत नाही. पेडल आणि क्लीट एकाच घराण्याचं हवं. नव्या पेडलच्या खोक्यात क्लीट बहुतेक येतंच, ते वेगळं विकत घेऊ नका.

क्लीटच्या रंगालाही अर्थ आहे. शिमानोचं पिवळं म्हणजे पेडलात अडकल्यावरही टाच एकूण ६ अंश डावी-उजवी हलते, निळं २ अंश, लाल अजिबात नाही. लूक केओत लाल ९ अंश, करडं ४.५, काळं शून्य. म्हणजे एकीचं लाल घट्ट तर दुसरीचं लाल सगळ्यात मोकळं. ऑर्डर देताना हे लक्षात असू द्या. नवख्यानं पिवळं घ्यावं, किंवा केओ असेल तर करडं. गुडघ्याला स्वतःची वाट शोधायला थोडी मोकळीक लागते. दोन भोकांच्या एसपीडीत एसएच५६ नावाचं क्लीट बऱ्याच दिशांनी सुटतं; सुरुवातीला भीती वाटत असेल तर ते घ्या.

पायरी ४ : किती पैसे घालायचे

नामांकित कंपनीचे साधे रोडचे बूट सात-आठ हजारांच्या आसपास सुरू होतात. पंधरा ते पंचवीस हजारांत नायलॉनऐवजी कार्बन मिसळलेला तळवा आणि बूट आवळायच्या एक-दोन बोआ डायल मिळतात. शिमानोचे एस-फायर, स्पेशलाइज्डचे एस-वर्क्स या वरच्या मजल्यावर तीस हजारांपुढची भाषा सुरू होते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण २५०० रुपयांवरच्या पादत्राणांना १८ टक्के लागतो. परदेशी संकेतस्थळावरचा भाव बघून हुरळू नका. वर सीमाशुल्क बसतं, आणि माप चुकलं तर परत पाठवायचा खर्च निराळा.

जादा पैशांत मिळतं काय? हलकेपणा, एकसारखी घट्ट होणारी बांधणी, चांगलं चामडं किंवा विणलेलं कापड, आणि कडक तळवा. कडक तळव्याबद्दल फार बोललं जातं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात यावर प्रयोग झाले. बेताच्या, एकसारख्या जोरावर चालवताना पळायचे बूट आणि क्लीटचे बूट यांत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा फरक दिसला नाही. जीव खाऊन मारलेल्या स्प्रिंटमध्ये क्लीटच्या बुटांनी ताकद वाढली, पण तिथंही तळवा किती कडक यानं फरक पडला नाही. म्हणजे चाळीस हजारांचा बूट घालून चोर्ला लवकर चढाल या समजुतीत राहू नका. तो आवडतो, शोभतो, आणि पायाला बसला तर पाच तास आठवतसुद्धा नाही. यासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या. हौसेला मोल नसतं.

बोआ डायलबद्दल दोन शब्द. बारीक तार चकतीवर गुंडाळली जाते, आणि चालत्या सायकलवर एका बोटानं घट्ट-सैल करता येतं. आपटून चकती निखळली तर ती आणि तार बदलायचा संच मिळतो, बूट टाकायची गरज नाही. तेवढ्यासाठी अख्खा जोड भंगारात दिलेले लोक पाहिलेत. पट्ट्यांचे बूटही वाईट नाहीत. वेल्क्रोमध्ये पिंजर आणि कुसळं अडकतात एवढंच.

वापरलेले बूट घेऊ नयेत, असं माझं मत. आतली गादी आधीच्या मालकाच्या पायाची झालेली असते. वापरलेली सायकल घ्यायला मात्र हरकत नाही.

पायरी ५ : क्लीट बसवा

हे काम अर्ध्या तासाचं, पण गुडघे यावर अवलंबून. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पोट भरणाऱ्या माणसाला न्यूटन-मीटर समजावून सांगायला नको. ज्यांचा तसा कुणी मित्र आहे त्यांनी एका संध्याकाळी टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा पाना, मागून आणावा.

बूट घालून उभे राहा. अंगठ्याच्या मुळाशी जे हाड आतल्या बाजूला पुढं येतं ते बुटावरून चाचपा आणि तिथं चिकटपट्टीवर खूण करा. मग बाहेरच्या बाजूनं करंगळीच्या मुळाचं हाड चाचपून दुसरी खूण. दुसरी खूण जरा मागं येते. बूट काढा, उलटा करा. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मध्ये, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर यायला हवा. क्लीटच्या कडेला दांड्याची जागा दाखवणारी बारीक रेघ असते, ती त्याच्याशी जुळवा. लांबच्या राइडवाल्यांनी तिथून दोन-चार मिलिमीटर मागं घेतलं तरी चालतं. चवड्याची आग आणि पोटरीचा ताण कमी होतो. पुढं मात्र घेऊ नका.

आता कोन. टेबलाच्या कडेवर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि चवडे आपोआप कुठं बघतात ते पाहा. बहुतेकांचे थोडे बाहेर बघतात. तोच कोन क्लीटला द्या. दोन्ही पाय ओढूनताणून समांतर करायचा हट्ट गुडघ्याच्या मुळावर येतो.

बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा थेंब लावा, नाहीतर आपल्या पावसात तो गंजून जागेवरच बसेल. सगळे बोल्ट आधी हलके आवळा, मग पाळीपाळीनं थोडे थोडे, शेवटी ५ ते ६ न्यूटन-मीटर. ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. झालं की क्लीटभोवती बारीक पेनानं कड काढून ठेवा. पुढं बदलताना ती उपयोगी पडते.

पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. सोपी खूण : दोन्ही पेडलं सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवली की घट्ट होतात. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या सायकलींची सवय असलेल्या पोराकडं दिलंत तर शेजारी उभे राहा. वाकडं शिरलेलं पेडल अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे खातं, आणि एक क्रँक पेडलांच्या जोडापेक्षा महाग पडतो.

बूट बदलले की बैठकीची उंचीही बदलते, कारण तळव्याची जाडी निराळी. नवे बूट घालून भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग क्लीट अडकवलं की गुडघ्यात आपोआप योग्य वाक येतो. नंतर गुडघा पुढून दुखला तर बैठक बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. आतून किंवा बाहेरून दुखला तर क्लीटच्या कोनाकडं बघा. बदल एका वेळी एकच, आणि तोही दोन-तीन मिलिमीटरचा. त्यानं भागलं नाही तर पुण्या-बंगळुरात बाइक फिट करून देणारे, म्हणजे अंगाच्या मापानं सायकल जुळवून देणारे, जाणकार आहेत; तिथं घातलेले पैसे पुढच्या महागड्या भागापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पायरी ६ : सुटायला शिका

पेडलातून पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. वर ओढायचं नाही. घाबरलेला माणूस नेमकं वर ओढतो आणि सगळ्यांसमोर आडवा होतो, तेही थांबलेल्या सायकलवरून.

सुरुवात दाराची चौकट धरून करा. प्रत्येक पायानं अडकव-सोडव, इतकी की कंटाळा यावा. मग व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात किंवा गवत असलेल्या कुठल्याही जागेवर, हलक्या गियरात, दहा पेडलं मारा, एक पाय सोडा, थांबा. शिमानोच्या पेडलवर ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो; सुरुवातीला तो सगळ्यात सैल ठेवा. रस्त्यावर थांबायच्या आधी, म्हणजे गोवावेस चौक किंवा रेल्वे गेट वीस-तीस मीटरवर दिसलं की पाय सोडवून मोकळा ठेवायचा. आणि गेटचे रूळ काटकोनातच ओलांडायचे, विशेषतः ओले असताना. नेहमी ठरलेला एकच पाय आधी सोडायची सवय लावा, आणि सायकलही त्याच बाजूला किंचित झुकू द्या.

पायरी ७ : शॉर्ट, आणि लोक काय म्हणतील

गादी शिवलेली बिब शॉर्ट ही दुसरी मोठी खरेदी. खांद्यावरच्या पट्ट्यांमुळं ती सरकत नाही आणि पोटाला आवळत नाही. नियम एकच : आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याची शिवण हेच तर घासण्याचं कारण. गादी जाड म्हणून चांगली असं नसतं. दाट हवी, तुमच्या बसायच्या हाडांखाली हवी. बायकांसाठी गादीचा आकार निराळा असतो, पुरुषांची शॉर्ट लहान मापात घेऊन काम भागत नाही. दोन शॉर्ट असू द्या. एक धुऊन वाळेपर्यंत दुसरी, कारण जुलैत बेळगावात चड्डी वाळायला दोन दिवस लागतात हे कुणाला सांगायला नको.

तंग कपड्यांत उचगाव फाट्यावर चहाला थांबलं की चार डोळे वळतात. संकोच वाटत असेल तर वरून घालायची पातळ सैल हाफ पँट जर्सीच्या मागच्या खिशात मावते. काही दिवसांनी हॉटेलवाला "आज चोर्ला काय?" एवढंच विचारतो.

हेल्मेट घेताना आत युरोपच्या ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी या सुरक्षा-मानकाचं लेबल बघा. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं. महागड्या नावाचं हेल्मेट फारच स्वस्तात मिळत असेल तर ते बहुधा नकली असतं. बूट, चष्मे आणि कार्बनचे हँडल यांतही हा धंदा जोरात आहे. नकली चष्म्यानं फार तर डोळे चुरचुरतील. नकली कार्बन हँडल चोर्ल्याच्या उतारावर मोडलं तर काय होईल, ते लिहायला नको.

पायरी ८ : टायर

कमी खर्चात सायकल बदलल्यासारखी वाटावी असा उपाय हाच. पूर्वी २३ आणि २५ मिलिमीटरचा हट्ट असायचा. आता शर्यतवालेही २८ वर आलेत. आपल्या रस्त्यांना २८, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. हवा ठासून भरायची सवय सोडा. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबच्या २८ टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास पुरते. हूकलेस रिम, म्हणजे टायर धरणारी आतली वळलेली कड नसलेली रिम, असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर कधीच जायचं नाही, आणि टायरही त्या रिमला चालणाराच लागतो.

ट्यूबलेस चांगलं, पण पंक्चर बुजवणारा आतला द्रव उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतो, आणि जांबोटीपुढं कुठल्या पंक्चरवाल्याकडं त्यावर औषध नाही. म्हणून ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप बरोबर हवाच. शिवाय रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारं छोटं पितळी अ‍ॅडॅप्टर ट्यूबच्या पुडक्यातच बांधून ठेवा. ते असलं की कुठल्याही खेड्यातल्या मोटारसायकलच्या हवेच्या पंपावर तुमचं काम होतं.

पायरी ९ : आता सायकलीकडं या

हा भाग थोडक्यात, कारण यावर बोलणारे पुष्कळ आहेत. शिमानोचा चढता क्रम क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. १०५ च्या वर गेल्यावर मिळतो तो मुख्यतः हलकेपणा. घाटांच्या आमच्या भागात नावापेक्षा पुढच्या-मागच्या चकत्यांचे दात मोजा : पुढं ५०-३४ आणि मागं ११-३४ असलं की राजहंसगडाच्या चढावरही बसून पेडल मारता येतं. पुढं ५२-३६ आणि मागं ११-२८ असलेली शर्यतीची सायकल स्वस्तात मिळत असेल तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलायचा खर्च भावात धरा, आणि मागचा डिरेलर मोठी कॅसेट झेपवतो का ते विचारून घ्या. डिस्क ब्रेक घ्या. पावसाळी उतारावर वाद घालायचं कारण उरत नाही.

विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांतून कर्नाटकाला वर्षानुवर्षं चांगले सायकलपटू मिळाले. त्यांतले कितीतरी जण साध्या, हातोहात फिरलेल्या सायकलींवर घडले. तुमच्या ग्रुपमधल्या कुणी ग्रॅमचा हिशेब सांगायला लागलं की हे आठवू द्या.

जुनी कार्बन फ्रेम घेताना दिवसाउजेडी बघा. क्रँकचा दांडा फ्रेममधून जातो त्या भागाभोवती, बैठकीच्या क्लॅम्पखाली आणि मागच्या चाकाच्या खाचांजवळ नाण्यानं हलकं टकटक करा. एके ठिकाणी आवाज बद्द आला तर सोडून द्या. हँडल धरणाऱ्या स्टेमवर बोल्टांजवळ न्यूटन-मीटरचा आकडा बहुधा छापलेला असतो, त्यापलीकडं आवळायचं नाही. कार्बन जास्त आवळल्यावर लगेच बोलत नाही, नंतर एकदमच तुटतो.

पावसाळा आणि बुटांची देखभाल

भिजून आल्यावर बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. तळव्याचा गोंद सुटतो. आतली गादी काढा, बुटात कागदाचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, पंख्याखाली ठेवा. कणकुंबीकडच्या धुक्यातून आलेला बूट दोन दिवस तसाच पिशवीत राहिला तर बुरशी धरतो. क्लीटचे बोल्ट पावसाळ्यात महिन्यातून एकदा सैल करून पुन्हा ग्रीस लावून आवळा.

रोडच्या प्लास्टिक क्लीटला झीज दाखवणारे रंगीत तुकडे असतात. ते दिसेनासे झाले, किंवा पेडलात पाय अडकल्यावर नेहमीचा खट्ट आवाज येईनासा झाला, की क्लीट बदला. दोन्ही पायांची एकदमच बदला, जरी तुम्ही नेहमी टेकता त्या पायाचंच जास्त झिजलेलं असलं तरी. जुनं काढायच्या आधी त्याभोवतीची पेनाची कड पुसट झाली असेल तर पुन्हा ठळक करून घ्या.